श्रीपादरावांची पोळी आणि सभ्य माणसांचा अर्धा तास

श्रीपाद सोहोनी यांना देशाची काळजी सकाळी साडेसहाला लागायची आणि ती रात्री रक्तदाबाची गोळी घेतल्यावरच थांबायची. मधल्या वेळात देश कुठे चालला आहे, हे ते भेटेल त्याला सांगत. देश बहुतेक वेळा खड्ड्यात चाललेला असे. त्याला तिकडे नेणारी माणसंही ठरलेली होती: झोळीवाले पुरुष, केस कापलेल्या बायका, लग्न न करता एकत्र राहणारी मुलं आणि ‘संस्कार’ हा शब्द ऐकला की गालातल्या गालात हसणारे प्राध्यापक. अंबरनाथ पश्चिमेला यांतलं नेमकं कोण राहत होतं हे सांगणं अवघड आहे. श्रीपादरावांच्या इमारतीत केस कापलेली बाई एकच, पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई, आणि श्रीपादरावांचा रक्तदाब त्याच बघत. पण दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मानणाऱ्यांतले श्रीपादराव नव्हते. त्यांची चौतीस वर्षं कारखान्याच्या भांडार विभागात गेली होती, आणि जागेवर न दिसणाऱ्या वस्तूचीच तिथे जास्त चौकशी होते.

अशा माणसासाठी देवाने टीव्हीवर एक कार्यक्रम निर्माण केला. देवाने म्हणजे चंदूशेठ तलरेजांनी. उल्हासनगरला कॅम्प नंबर चारमध्ये त्यांचं फर्निचरचं दुकान, वर गोडाऊन आणि गोडाऊनच्या अर्ध्या भागात स्टुडिओ. त्यांच्या केबल चॅनेलवर पूर्वी भजनं, पापडाच्या जाहिराती आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा लागत. पाच वर्षांपूर्वी चंदूशेठच्या लक्षात आलं की या पट्ट्यातली पेन्शनीत निघालेली मराठी माणसं फार रागावलेली आहेत. रागावलेल्या माणसाला दर आठवड्याला पोटभर हसायला मिळालं तर तो चॅनेल बदलत नाही, आणि चॅनेल बदलला नाही तर त्याला सोफासेटची जाहिरात दिसते. एवढ्या उदात्त हेतूने ‘सभ्य माणसांचा अर्धा तास’ सुरू झाला.

दर रविवारी संध्याकाळी साडेसातला चार स्किटं. एकात मोर्चेवाले मामा असत. ते रोज नव्या गोष्टीचा निषेध करत आणि शेवटी ज्याचा निषेध केला त्याच्याच पंगतीला बसत. एकात विरोधी पक्षाचा पुढारी असे, त्याला कांदा झाडाला लागतो असं वाटे. एकात इंग्रजी शाळेतला नातू आजीला नमस्कार करण्याऐवजी हात हलवे आणि सगळं सभागृह हळहळे. सत्ताधारी पक्षावर मात्र पाच वर्षांत एकही विनोद झाला नव्हता. याबद्दल कुणी विचारलंच, तर चंदूशेठ छातीवर हात ठेवून म्हणत, ‘‘साईं, वो लोग काम में है. काम करणाऱ्या माणसाला डिस्टर्ब नाय करायचा.’’ सभ्य माणसांना हे लगेच पटे.

चौथं स्किट हा कार्यक्रमाचा कळस. ‘माईंचं स्वयंपाकघर’. काठापदराची साडी, ठसठशीत कुंकू आणि हातात लाटणं अशा माई ओट्याशी उभ्या. त्यांच्याकडे कुणी ऑफिसवाली, कुणी घटस्फोट मागणारी, कुणी ‘माझी स्पेस’ म्हणणारी अशी एकेक बाई येई, माई पोळ्या लाटता लाटता तिला चार मिनिटांत सरळ करत आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणत, ‘‘घर सोडून स्वर्ग शोधायला निघालीस होय ग?’’ यावर टाळ्या पडत. बदलापूरच्या कुळगावापासून पालेगावच्या नव्या कॉम्प्लेक्सपर्यंत बायका हे वाक्य एकमेकींना ऐकवत. या माई म्हणजे कुंदाताई सोहोनी, आपल्या श्रीपादरावांच्या पत्नी.

त्या तिथे पोचल्या त्याही अपघातानेच. ज्येष्ठ नागरिक मंडळाला स्टुडिओत प्रेक्षक म्हणून न्यायचे. अंबरनाथहून टेम्पो ट्रॅव्हलर, पोचल्यावर दाल-पकवान आणि चहा, त्याच्या बदल्यात दोन तास हसायचं. पहिल्याच महिन्यात माईंचं काम करणारी नटी आली नाही. चंदूशेठनी प्रेक्षकांवरून नजर फिरवली आणि दुसऱ्या रांगेतल्या कुंदाताईंकडे बोट दाखवलं. कुंदाताईंनी कॉलनीच्या गणपतीत वीस वर्षं नाटकं केली होती. त्या उठल्या, लाटणं उचललं, आणि साठीच्या उंबरठ्यावरच्या त्या बाईला असं काही सापडलं की त्या खाली आल्याच नाहीत.

आता बायकांनी घरात राहावं हे सांगायचं तर त्यासाठी घराबाहेर पडावं लागतं. त्याला इलाज नाही. मंगळवार-गुरुवार तालीम, शनिवारी शूटिंग, शुक्रवारी साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन, मध्येच कुळगावच्या महिला मंडळात ‘गृहिणी: घराचा कणा’ या विषयावर व्याख्यान. कणा सकाळी नऊला निघे तो संध्याकाळी सातला परत येई. श्रीपादरावांना या सगळ्याचा अभिमान होता. ‘‘परंपरेचं काम आहे, वेळ द्यावाच लागतो,’’ असं ते सांगत. परंपरा वाचवायला निघालेल्या बाईच्या घरी जेवायला काय, हा प्रश्न मात्र परंपरेने सोडवलेला नव्हता.

आधी स्वयंपाकाला बाई ठेवली. ती भाजीत इतकं तेल घाली की भाजी वरून दिसत नसे. मग डबा लावला. डब्याने श्रीपादरावांचं पोट बिघडलं. शेवटी एका गुरुवारी त्यांनी स्वतः गॅस पेटवला. तात्पुरता. सरकारी कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला तात्पुरत्या गोष्टी किती टिकतात हे ठाऊक असायला हवं होतं. त्या तात्पुरत्या गुरुवारला यंदा चार वर्षं झाली.

पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी स्वयंपाकघराचं भांडार करून टाकलं. प्रत्येक डब्याला क्रमांक. ‘क’ म्हणजे कडधान्य, ‘म’ म्हणजे मसाले, ‘ड’ म्हणजे डाळी. मोहरी म-दोन, हिंग म-सात. डब्यावर नाव लिहायचं नाही, कारण नाव लिहिलं की माणूस डोकं चालवत नाही, हे त्यांचं भांडारातलं तत्त्व. फ्रीजच्या दारावर यादी, यादीसमोर कुठला डबा कितीवर आला की भरायचा त्याची खूण. कुंदाताईंना एकदा रात्री बडीशेप हवी होती तर त्यांनी नवऱ्याला झोपेतून हाक मारली होती.

पण खरी गोष्ट होती ती पोळी. पहिल्या महिन्यात तिचे कोपरे निघत. श्रीपादराव हरले नाहीत. कणकेत पाणी किती, तेल किती, मळून किती वेळ झाकायची, हे त्यांनी वहीत लिहून, पुन्हा पुन्हा करून बसवलं. मग एके दिवशी तव्यावर टाकलेली घडीची पोळी टम्म फुगली, तिचे पदर सुटले, आणि श्रीपादराव एकटेच ओट्यासमोर उभे राहून ‘‘वा!’’ म्हणाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना स्वतःला असं म्हणावंसं कधी वाटलं नव्हतं. निरोप समारंभात साहेबांनी त्यांना ‘सोनवणी’ म्हणून शाल घातली होती, आणि तेव्हाही त्यांनी आभार मानले होते.

हे सगळं अर्थात बाहेर कुणाला माहीत नव्हतं. कळून चालणारही नव्हतं. माईंच्या घरी माईंचा नवरा पोळ्या लाटतो हे कळलं असतं, तर कार्यक्रमाची अब्रू गेली असती. आणि श्रीपादरावांच्या स्वतःच्या मताप्रमाणे ओट्याशी पुरुष उभा राहणं हे घर बुडाल्याचंच लक्षण होतं. मग ते स्वतः काय करत होते? ते स्वयंपाक करत नव्हते. ते कुंदाची गैरसोय टाळत होते. एकदा स्टुडिओत ॲप्रन घातलेल्या नवऱ्याचं स्किट झालं. बायको सोफ्यावर पाय पसरून बसलेली, नवरा तिला विचारतो, ‘‘डार्लिंग, मीठ कसं झालंय?’’ श्रीपादराव पहिल्या रांगेत डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. घरी आल्यावर त्यांनी मटकी भिजत घातली आणि कुंदाताईंना विचारलं, ‘‘आमटीत मीठ बरोबर आहे ना?’’ यात काही विचित्र आहे असं त्यांना अजिबात वाटलं नाही.

आठवड्यातून तीनदा ते मंडळात डबा नेत. मंडळाचे अध्यक्ष भगवंत काळसेकर. कारखान्यातले जुने सोबती, मशीन शॉपमधले, मतांनी श्रीपादरावांपेक्षा चार बोटं कडक. दोन वर्षांपूर्वी त्यांची पत्नी विमल गेली. तेव्हापासून भगवंतराव खाणावळीच्या डब्यावर होते आणि श्रीपादरावांच्या डब्यावर त्यांचा डोळा असे. पहिला घास घेतला की ते डोळे मिटत.

‘‘वहिनींच्या हाताला चव आहे रे. एवढी कामं सांभाळून हे करतात. नाहीतर आमची सून, वेगळं बिऱ्हाड करून बसलीय. वहिनींना सांग.’’

‘‘सांगतो,’’ श्रीपादराव म्हणत.

पहिले काही महिने त्यांना याची गंमत वाटली. मग थोडं टोचलं. दुसऱ्या वर्षी मात्र ‘वहिनींना सांग’ ऐकलं की ते उरलेल्या डब्याला झाकण लावू लागले. घरी कुंदाताई रोज ‘‘छान झालंय हो’’ म्हणत, मनापासून म्हणत. पण घरच्या घरी म्हटलेलं वेगळं. त्यांना एकदा, फक्त एकदा, चार लोकांत कुणीतरी म्हणायला हवं होतं की श्रीपाद, हे तू केलंयस. एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ज्या चार लोकांत ती पुरी व्हायची ते चार लोक हे ऐकून काय करतील हेही त्यांना पक्कं माहीत होतं. कारण ते स्वतः त्यांतलेच एक होते.

असं चाललं असताना कार्यक्रमाचा अडीचशेवा भाग आला. चंदूशेठना वाटलं, या भागात माईंचं खरं स्वयंपाकघर दाखवावं. कॅमेरा, दिवे, तिघं-चौघं पोरं आणि स्वतः चंदूशेठ अंबरनाथला येऊन धडकले. कुंदाताईंनी पोहे करायचे, श्रीपादरावांनी मागे खुर्चीत पेपर वाचत बसायचं. ‘‘सोहोनीसाब, तुम्ही काय नाय करायचा. बस, राजासारखा बसायचा.’’

राजा बसला. कुंदाताईंनी कढई ठेवली, तेल तापलं, आणि त्यांनी मागे वळून डब्यांच्या फळीकडे पाहिलं. चाळीस सारखे डबे. एकावरही नाव नाही. चार वर्षांत त्यांनी ही फळी पाहुण्यासारखी पाहिली होती. तेल धुरायला लागलं. त्यांनी अंदाजाने एक डबा उघडला, त्यात मेथ्या. दुसरा उघडला, त्यात खसखस.

‘‘म-दोन,’’ पेपराच्या मागून आवाज आला.

मोहरी तडतडली. जिऱ्याला ‘म-तीन’ झालं, हिंगाला ‘म-सात’. तोवर फोडणी करपायला आली होती. करपण्याचा तो वास नाकात गेला आणि राजाला खुर्चीत बसवेना. श्रीपादरावांनी पेपर टाकला, दोन ढांगांत ओटा गाठला, गॅस बारीक केला, कढई उचलून धरली आणि म्हणाले, ‘‘कांदा! आधी कांदा टाक, बघत काय बसलीस!’’

कॅमेऱ्यामागची पोरं खो-खो हसत सुटली. कुंदाताईंचा चेहरा पांढरा पडला. चंदूशेठ मात्र दोन्ही हात वर करून उभे राहिले. त्यांना वाटलं, नवरा-बायकोने मिळून घरीच काहीतरी बसवून आणलंय.

‘‘ओ हो हो! सोहोनीसाब, इतने दिन कहाँ थे? ये तो माल है माल! बायल्या नवरा! बायकोच्या किचनमधी घुसतो, सगळा वाट लावतो! साईं, आता दर हप्ता. नाव पण सुचला. घरकोंबडा!’’

आणि तिथल्या तिथे त्यांनी स्किट सांगितलं. पुढच्या शनिवारी, स्टुडिओत, मंडळासमोर. नवरा हौसेने पोळी करायला जातो. पीठ सांडतो, पोळी जाळतो. मग माई येतात, कपाळावर हात मारतात, म्हणतात, ‘‘पुरुषाचा हात ओट्याला लागला की घराचं असंच व्हायचं. जा, बसा तुम्ही.’’ टाळ्या.

श्रीपादराव म्हणाले, ‘‘मला पोळी जाळता येणार नाही.’’

चंदूशेठना वाटलं हाही विनोदच. हसून झाल्यावर ते जरा आवाज खाली आणून कुंदाताईंना म्हणाले, ‘‘भाभी, खरा बोलू? आपला शो आता थोडा स्लो झालाय. बदलापूरची ती राजसी आहे ना, नाटकवाली, तिचा फोन येते सारखा. तरुण सून दाखव, म्हणते, माई कब तक? मी बोललो नाय, भाभी आपली आहे. पण नवीन माल पाहिजे ना. तुम्ही दोघं आले तर बराबर आहे. नाय तर मग बघू.’’

ते गेल्यावर कुंदाताई डब्यांच्या फळीखाली स्टुलावर बसल्या.

‘‘नाही म्हणून टाका,’’ त्या म्हणाल्या. ‘‘झाली की पाच वर्षं. राजसी करू दे.’’

‘‘आणि तू काय करशील?’’

‘‘घरी राहीन. तेच तर सांगत असते लोकांना.’’

श्रीपादरावांना शनिवारची कुंदा आठवली, शूटिंगहून आल्यावर चपला काढतानाच त्या दिवसाचा किस्सा सुरू करणारी. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यांतल्या तेहतीस वर्षांत तिने त्यांना सांगावा असा किस्सा तिच्याकडे नव्हता. तिला घरी बसवायचं त्यांच्या जिवावर आलं. त्यात आणखी एक गोष्ट होती, ती त्यांनी कबूल केली नाही पण आपण करून टाकू. कुंदा घरी राहिली तर ओटा तिचा होणार होता. मग म-दोनला मोहरी म्हणावं लागणार, आणि श्रीपादरावांना खरोखरच खुर्चीत बसून पेपर वाचावा लागणार.

‘‘जाळतो,’’ ते म्हणाले. ‘‘एका पोळीचं काय एवढं.’’

पण ते एवढंतेवढं नव्हतं. त्या आठवड्यात त्यांनी रोज पोळी जाळायचा सराव केला आणि रोज ती चांगली झाली. नको म्हटलं तरी हात वेळेवर उलथनं उचले. कुंदाताईंनी सुचवलं, ‘‘तिच्याकडे बघूच नका. गॅलरीत जाऊन उभे राहा.’’ ते गॅलरीत गेले, कठडा धरून साठपर्यंत मोजायला लागले, आणि अठ्ठेचाळिसाला धावत आत आले. शेवटी शुक्रवारी कुंदाताईंनी त्यांचा हात धरून ठेवला तेव्हा एक पोळी जळली. दोघांनी ती खिडकीतून कावळ्यांना टाकली. श्रीपादराव त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

शनिवारी सकाळी टेम्पो ट्रॅव्हलर भरून मंडळ निघालं. आपला श्रीपाद टीव्हीवर येणार म्हणून सगळे खुशीत. भगवंतरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाल-पकवान झालं, दिवे लागले, अध्यक्ष म्हणून भगवंतराव पहिल्या रांगेत मधोमध बसले, आणि श्रीपादराव ॲप्रन घालून बाहेर आले. ॲप्रनवर झालर होती. झालर बघूनच पन्नास माणसं हसली.

त्यांनी ठरल्याप्रमाणे पीठ सांडलं. हशा. लाटणं पायावर पाडलं. मोठा हशा. मग पोळी तव्यावर टाकली आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. बोटं एकमेकांत घट्ट अडकवली होती, ती पांढरी पडली. पोळीला आधी डाग पडले, मग ती काळी झाली, मग धूर निघाला. चंदूशेठनी कॅमेऱ्यामागून अंगठा दाखवला. सभागृह टाळ्या वाजवून हसत होतं. तो हसण्याचा आवाज श्रीपादरावांच्या चांगला ओळखीचा होता. पाच वर्षं तो पहिल्या रांगेतून त्यांनीच काढला होता. समोरून तो कसा ऐकू येतो हे त्यांना आज कळलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. पोळीची वाटली, स्वतःची वाटली, त्या मटकी भिजवलेल्या रात्रीची वाटली.

माई आल्या. त्यांनी तव्याकडे पाहिलं, नवऱ्याच्या पाठीमागच्या हातांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला. ‘‘पुरुषाचा हात ओट्याला…’’ एवढं म्हणून त्या थांबल्या. अडीचशे भागांत कुंदाताई वाक्य विसरल्या नव्हत्या. आजही विसरल्या नव्हत्या.

‘‘ही पोळी मुद्दाम जाळली आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘यांना पोळी येते. माझ्यापेक्षा चांगली येते.’’

सभागृहात हशा उसळला.

‘‘मी खरं सांगते आहे. आमच्या घरी चार वर्षं मी पोळी लाटलेली नाही. सगळा स्वयंपाक हे करतात.’’

टाळ्या, शिट्ट्या. मागच्या रांगेतल्या दोघी एकमेकींच्या अंगावर पडल्या. माईंचा चेहरा किती गंभीर, आणि बोलतात काय! असा विनोद पाच वर्षांत झाला नव्हता.

‘‘हसू नका हो!’’ कुंदाताई रडवेल्या आवाजात ओरडल्या, ‘‘मला मोहरीचा डबासुद्धा माहीत नाही!’’

यावर तर गोडाऊनचे पत्रे हलले. चंदूशेठ टेबलावर थाप मारत होते. कुंदाताईंनी हताश होऊन नवऱ्याकडे बघितलं. श्रीपादराव हलले नाहीत. इतके दिवस वाट पाहिलेलं वाक्य चार लोकांत म्हटलं गेलं होतं. अगदी स्पष्ट, माईकवर. म्हणणारी त्यांची बायको होती, याहून दुसरं काय हवं? आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाचाही त्यावर विश्वास बसलेला नव्हता.

एकाचाही नाही म्हणणं बरोबर नाही. पहिल्या रांगेत मधोमध भगवंतरावांचं हसणं थांबलं होतं. ते भुवया आक्रसून श्रीपादरावांकडे बघत होते. दोन वर्षांचे डबे ते मनात उघडून बघत असावेत. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले. कॅमेरेवाल्याने चपळाईने कॅमेरा त्यांच्यावर फिरवला.

‘‘श्रीपाद,’’ त्यांनी विचारलं, ‘‘बुधवारचं अळूचं फतफतं कुणी केलं होतं?’’

‘‘मी,’’ श्रीपादराव म्हणाले.

पुन्हा हशा. लोकांना वाटलं, अध्यक्षांनाही काम दिलेलं दिसतंय.

‘‘घसा खवखवला नाही तो कशाने?’’

‘‘चिंचेने. कोळ शिजतानाच घालायचा, मागून नाही. आणि मूठभर आंबट चुका.’’

लोक पोट धरून हसत होते. भगवंतरावांनी मागे वळून पाहिलंही नाही. त्यांनी खिशातून पेन काढलं, कार्यक्रमाचा पास उलटा करून तळहातावर ठेवला आणि त्यावर लिहायला लागले.

‘‘विमल गेल्यापासून मोरीमागे अळू नुसतं माजलंय रे,’’ ते खाली बघतच म्हणाले. ‘‘काय करायचं ते मला माहीतच नाही. दाणे किती?’’

‘‘दोघांचं करतोस की एकट्याचं?’’

‘‘एकट्याचं.’’

‘‘मग अर्धी मूठ. आदल्या रात्री भिजत घाल. हरभऱ्याची डाळ घालतोस ना?’’

‘‘मी काहीच घालत नाही. तू सांग.’’

श्रीपादरावांनी तव्याखालचा गॅस बंद केला, झालरीचा ॲप्रन सोडून ओट्यावर ठेवला आणि अळूच्या देठांपासून सांगायला सुरुवात केली.